कापलेला कोपरा

छातीचा एक्स-रे काढताना मंगळसूत्र दातात धरायचं असतं. काढून ठेवायला बायका तयार नसतात, आणि गळ्यात राहिलं तर दोन्ही वाट्या नेमक्या फुप्फुसावर उमटतात. म्हणून ते पदराखालून वर ओढायचं आणि दातात धरायचं. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. कल्याणच्या एका हॉस्पिटलात मी नवीन लागले तेव्हा तिथल्या आयाबाईंनी ती मला शिकवली, आणि पुढे कॉलेजात मी ती वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. तिचा एक जादा फायदा असा, की तेवढा वेळ पेशंट बोलू शकत नाही.

बोलणारे पेशंट आमच्या पाचवीला पुजलेले. गुडघ्याचा एक्स-रे काढायला पावडर लावून आलेली बाई 'चेहरा येणार ना?' विचारते. कुणी 'अजून एक काढून ठेवा, गावाला पाठवायचाय' म्हणतं. डोंबिवलीचे एक निवृत्त मास्तर मात्र अजिबात न बोलणारे होते. मी त्यांना 'श्वास धरा' म्हटलं, बटण दाबलं आणि मशीन बंद पडलं. मी फ्यूज बघायला बाहेर गेले. परत येते तर मास्तर तसेच उभे, चेहरा लालबुंद, गाल फुगलेले, एक बोट छातीकडे. 'अहो, सोडा!' मी ओरडले. नंतर स्टुलावर बसून धापा टाकत ते म्हणाले, "तुम्ही 'सोडा' म्हणाला नव्हता." इतका शिस्तीचा पेशंट मला पुन्हा भेटला नाही.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही फोटोग्राफर. वाईट काही नाही त्यात, पण खरं थोडं वेगळं आहे. फोटो वाईट आला तर लोक फोटोग्राफरला नावं ठेवतात. एक्स-रे चुकीचा आला तर ते कळतच नाही. डॉक्टर तो खरा मानून पुढे चालायला लागतात. काढणारे आम्ही, वाचणारे डॉक्टर, आणि दोघांच्या मध्ये भरवसा ठेवायला काय, तर नखाएवढं शिशाचं एक अक्षर.

ते अक्षर काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माणसाचे दोन हात, दोन गुडघे, दोन बाजूंच्या बरगड्या सारख्याच दिसतात. जुनी एक्स-रे फिल्म पारदर्शक असायची. ती सुलटी धरली काय, उलटी धरली काय, चित्र दिसायचंच, फक्त उजवं डावं व्हायचं. म्हणून एक्स-रे काढण्याआधी पेशंटच्या उजव्या बाजूला शिशाचा 'आर' किंवा डाव्या बाजूला 'एल' चिकटवायचा. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे फिल्मवर ते अक्षर पांढरं उमटतं. पेशंट समोर उभा असताना, त्याच्या अंगाकडे बघून लावलेलं अक्षर म्हणजे आमची साक्ष. नंतर आठवून लिहिलेलं अक्षर म्हणजे निव्वळ अंदाज.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगते, याचं कारण मी तो नियम साफ मोडलेला आहे.

नोकरीला लागून मला तेव्हा चारेक महिने झाले असतील. वय तेवीस. आमचे हेड टेक्निशियन होते चौधरी मामा. माणूस मनाने वाईट नव्हता, पण फिल्म फुकट गेली की त्यांचा पारा चढायचा. एक्स-रे पुन्हा काढावा लागला तर एका वहीत नाव, कारण आणि सही. त्या वहीत माझी सही वारंवार दिसायला लागली होती. छातीचा एक्स-रे काढताना पेशंट आपल्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि त्या काळात माझा उजव्या-डाव्याचा घोळ हटकून व्हायचा. आदल्याच दिवशी मामा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाई, तुमच्या हातात बांगड्या वेगवेगळ्या रंगाच्या घाला, म्हणजे कळेल तरी." सगळे हसले होते. मी घरी जाऊन रडले होते.

दुसऱ्या दिवशी आंबिवलीची एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची, सुगंधा पाटील. खोकला जात नव्हता आणि लग्न ठरलं होतं, म्हणून घरचे घाबरले होते. आई सोबत होती. मी एक्स-रे काढला, त्यांना बाहेर बाकावर बसवलं, डार्करूममध्ये फिल्म धुतली आणि उजेडात धरली. हृदय उजवीकडे!

हृदय डावीकडे असतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला वाटलं, झालं, अक्षर पुन्हा चुकीच्या बाजूला लावलं. आता पुन्हा वही, पुन्हा मामा, पुन्हा बांगड्या. मग मी काय केलं? फिल्म उलटी केली. हृदय डावीकडे आलं, सगळं कसं जागच्या जागी दिसायला लागलं. फक्त शिशाचं अक्षर आता आरशातल्यासारखं उलटं दिसत होतं. फिल्मचे कोपरे गोल करायची कात्री आमच्याकडे असायची. मी तो कोपरा अक्षरासकट कापून टाकला. आम्ही पेशंटचं नाव फिल्मवर पांढऱ्या शाईने हाताने लिहायचो, त्याच शाईने दुसऱ्या कोपऱ्यात 'आर' लिहिला. नाव लिहिलं. फिल्म पाकिटात घातली. बाहेर जाऊन त्या मुलीच्या हातात दिली आणि वर हसून म्हटलं, "एकदम छान आलाय."

सगळ्याला पाच मिनिटंही लागली नसतील. ती मुलगी त्या पाच मिनिटांत माझ्यापासून दहा पावलांवर बसली होती. दार उघडून 'जरा आत ये गं' म्हणायचं होतं. एवढंच.

पुढच्या वर्षी मी वरच्या कोर्सला गेले. एके दिवशी सरांनी व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर, एक फिल्म लावली आणि विचारलं, "काय चुकलंय?" अर्धा वर्ग ओरडला, "सर, उलटी लावली." सर म्हणाले, "अक्षर बघा." अक्षर सुलटं होतं. मग त्यांनी सांगितलं की, हजारोंत एखादा माणूस असा असतो, ज्याचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं. काहींचं तर पोटातलं सगळंच आरशातल्यासारखं उलट असतं: यकृत डावीकडे, अपेंडिक्स डावीकडे. तो आजारी नसतो, धडधाकट जगतो. धोका एकच, त्याला तपासणाऱ्याला हे ठाऊक नसलं तर. अपेंडिक्स डावीकडे दुखेल आणि डॉक्टर उजवीकडे शोधत बसतील.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "काय गं, पांढरी पडलीस." मी म्हटलं, उपास आहे.

त्या रविवारी मी आंबिवलीला गेले. आंबिवलीत 'पाटील' अशी हाक मारली तर निम्मं गाव मागे वळून बघतं. दोन घरं चुकीची निघाली, तिसऱ्याला कुलूप होतं. शेजारची म्हातारी सुकट निवडत होती. ती म्हणाली, "सुगंधी ना? तिचा लगीन झाला. गेली."

"कुठे?"

"तिकरं, लायनीला."

लाइन म्हणजे कसाऱ्याकडे जाणारी लोकलची लाइन. स्टेशनं मोजून आठ-दहा. मी म्हातारीला आणखी एक प्रश्न विचारला असता तर तिने गाव सांगितलं असतं. मी नाही विचारला. खरं सांगायचं तर ते कुलूप बघून मला हायसं वाटलं होतं. परत येताना स्वतःला समजावलं की, आपण शोधलं, मिळाली नाही. मी पुन्हा गेले नाही. चूक तर भीतीने झाली होती. हे मात्र मी विचार करून केलं, आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

पण असल्या गोष्टी कुलूप बघून जात नाहीत. वर्तमानपत्रात ऑपरेशनमध्ये कुणी दगावल्याची बातमी आली की मी आधी नाव वाचायची. माझ्या स्वतःच्या मुलीचं अपेंडिक्स काढलं तेव्हा बाहेर बाकावर बसून मी तिचा विचार करायचा सोडून सुगंधा पाटीलचा करत होते. त्या मुलीचं पुढे काय झालं असेल? माझ्या पांढऱ्या 'आर'वर विसंबून कुणी तिला चुकीच्या बाजूला कापलं तर नसेल? हे मी कुणालाच बोलले नाही, नवऱ्यालाही नाही.

बोलले नाही, तर शिकवायला लागले. ठाण्याच्या एका कॉलेजात रेडिओग्राफी शिकवायची जागा निघाली आणि मी लागले. पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला मी शिशाच्या अक्षरांची एक जोडी द्यायची, त्यावर त्याच्या नावाचं अक्षर कोरलेलं. ती खिशात नसेल तर प्रॅक्टिकलला बाहेर. पोरांनी माझं नाव 'आर-एल मॅडम' ठेवलं. एका वर्षीच्या गॅदरिंगला एका पोराने माझी नक्कल केली: स्टेजवर येऊन प्रमुख पाहुण्यांच्या उजव्या खांद्याला 'आर' चिकटवला. पाहुणे हसले, प्राचार्य हसले नाहीत. मी सगळ्यात जास्त हसले.

संशोधनही मी केलं ते वाया गेलेल्या एक्स-रेंवर. माझी पीएच.डी. अक्षरशः कचऱ्याच्या पेटीतली आहे. कुठले एक्स-रे टाकून द्यावे लागतात, का, कोणाच्या हातून, हे शोधायचं तर पोरांनी पेटीत फिल्म टाकायला हव्यात ना? टाकायचीच नाहीत. लपवायची, घरी न्यायची, एकाने तर ग्रहण बघायला नेली. मग मी पेटीवर कागद चिकटवला: 'इथे टाकणाऱ्याला कोणी रागावणार नाही.' आणि खरोखर कुणाला रागावू दिलं नाही. आठवड्याभरात पेटी भरली. माझे गाईड म्हणाले, "हा कागदच तुमचा प्रबंध आहे, बाकीची नुसती पानं." घरी सासूबाई म्हणायच्या, आमची सून कचऱ्यावर डॉक्टर झाली. चौधरी मामांची वही माझ्या डोळ्यांसमोर होती, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे फिल्म गेल्या, डार्करूम गेली, कॉम्प्युटर आले. नवीन मशीन दाखवायला आलेला सुटाबुटातला तरुण म्हणाला, "मॅडम, आता शिशाची गरज नाही. नंतर माउसने अक्षर टाकता येतं." मी विचारलं, "माउसला पेशंट दिसतो का हो?" तो गोंधळला. मी त्याला चहा पाजला आणि अक्षरांची एक जोडी भेट दिली.

निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेन असं घरच्यांना वाटलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी एका संशोधनासाठी मला सल्लागार म्हणून बोलावलं. कॉम्प्युटरला छातीचे एक्स-रे वाचायला शिकवायचं, म्हणजे जिथे डॉक्टर नाही अशा गावात क्षयाचा संशय तरी वेळेत येईल. कल्याणच्या पुढच्या गावांत शिबिरं घ्यायची, हातात मावेल असं मशीन न्यायचं, एक्स-रे काढायचे. पेशंटची नावं वेगळ्या कुलपात, आमच्याकडे फक्त नंबर, स्त्री की पुरुष, वय आणि गाव. एक्स-रे तपासून नीट लावायचं काम ऋतुजाकडे. ऋतुजा डोंबिवलीची, माझीच विद्यार्थिनी, सव्वीस वर्षांची, हुशार आणि भलती चटपटीत. चटपटीत माणसांची मला भीती वाटते. मीही तशीच होते.

या कामात एक गंमत होती. कॉम्प्युटर लबाड असतो. एक्स-रेवरची अक्षरं बघून तो भलतंच काही शिकतो: अमुक गावच्या मशीनचं अक्षर दिसलं की आजार, असं. म्हणून त्याला द्यायच्या प्रतींवरची शिशाची अक्षरं काळी करून टाकायची, हे ठरलं होतं. ठरवणारी मीच. आयुष्यभर अक्षरं लावायला लावणारी बाई शेवटी अक्षरं पुसायला लावते म्हणून सगळ्यांनी माझी थट्टा केली. मी फक्त एक अट घातली: मूळ प्रतीला कोणी हात लावायचा नाही.

एका दुपारी ऋतुजा सहज म्हणाली, "मॅडम, खडवलीच्या कॅम्पची एक इमेज उलटी आलेली. मी फ्लिप केली."

"उलटी म्हणजे?"

"हार्ट राइटला होतं ना. टेक्निशियनने घोळ घातला असणार."

मी खुर्ची तिच्या कॉम्प्युटरजवळ ओढली. मग म्हटलं, मूळ प्रत उघड. उघडली. कोपऱ्यात शिशाचा 'आर', सुलटा, स्वच्छ, जिथे हवा तिथे. हृदय उजवीकडे. जठरातली हवासुद्धा उजवीकडे. स्त्री, वय चौपन्न, खडवली.

मी ऋतुजाला तासभर झापलं. "तू पेशंट बघितलास? नाही ना? मग तू कोण ठरवणार त्याचं काळीज कुठे असावं ते?" असं बरंच काही. बिचारी रडली. माझा आवाज एवढा का चढलाय, हे तिला कळत नव्हतं. मला कळत होतं. डोक्यात एकच हिशेब चालू होता: एकोणीस आणि पस्तीस, चौपन्न. लाइनीला.

असं काही महत्त्वाचं सापडलं तर पेशंटला कळवायचं, हा नियमच होता. रीतसर परवानगी घेतली आणि नंबरावरून नाव काढून खडवलीच्या आशाताईंना फोन लावला. आशाताई म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका. त्या म्हणाल्या, "अहो, ती आपली सुगंधाकाकी. या ना तुम्ही, मी सांगून ठेवते." मी फोन ठेवला. ऋतुजाने पाणी आणून दिलं. बाई जिवंत होती, शिबिराला स्वतःच्या पायाने चालत आली होती, ही केवढी मोठी गोष्ट. पण पस्तीस वर्षांत तिने काय सोसलं असेल, ते आता तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

खडवलीला मी आणि ऋतुजा दोघी गेलो. शेताच्या कडेला दुमजली घर, पुढे तुळस, ओटीवर मोटारसायकल. सुगंधाकाकी दारातच उभ्या होत्या. अंगाने भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. मला चेहरा आठवत नव्हता; मला फक्त फिल्म आठवत होती.

"या, बसा. तुमी त्या फोटूवाल्या ना?" त्यांनी चहा ठेवायला सुनेला हाक मारली.

ऋतुजाने जपून, घाबरू नये अशा बेताने सुरुवात केली, "काकी, तुमच्या एक्स-रेमध्ये जरा वेगळं दिसलंय, पण काळजीचं..."

"माजा कालीज उजवीकरं हाय," काकी म्हणाल्या. "मना ठाव हाय."

"मग कॅम्पमध्ये सांगितलं का नाहीत?"

"कोनी इचारलाच नाय. सगली बोलली, हनुवटी वर, श्वास धरा."

ऋतुजाने मान खाली घातली. काकी आत गेल्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. "जुनी फिल्म पन हाय. बगा," म्हणत त्यांनी एक फिल्म ऋतुजाच्या हातात दिली आणि समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

ऋतुजाने फिल्म खिडकीकडे धरली. "काकी, ही तुमची नाहीये. हार्ट लेफ्टला आहे. ही दुसऱ्या कोणाची तरी आलेली दिसते तुमच्याकडे."

"माजीच हाय," काकी शांतपणे म्हणाल्या.

मला उठून जवळ जायची गरजच नव्हती. तीन कोपरे बेताचे गोल आणि चौथा जरा जास्तच कापलेला, हे तिथूनच दिसत होतं. तरी गेले. पांढरी शाई पिवळी पडली होती, पण 'आर'ची ती फाजील शेपटी माझीच होती. गप्प बसता आलं असतं. 'पूर्वी असे घोळ व्हायचे' एवढं म्हणून चहा घेऊन निघता आलं असतं. आंबिवलीचं कुलूप आठवलं.

"फिल्म तुमचीच आहे," मी म्हटलं, "पण ती खोटी आहे. आणि ती मी खोटी केली."

मग सगळं सांगितलं. वही, बांगड्या, कात्री, शाई, आंबिवलीची म्हातारी. सांगताना मला रडू आलं. काकी ऐकत होत्या. ऋतुजा माझ्याकडे बघत होती. आठवड्यापूर्वी जिने तिला तासभर झापलं तीच बाई तिच्यासमोर उभी होती. त्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

सांगून झाल्यावर काकींनी फिल्म परत आपल्या हातात घेतली. मग 'तुमी'वरून 'तू'वर आल्या.

"म्हंजे ती तू व्हतीस? मना वाटला, मोठी मशीन चुकली आसल. तू तर पोरगीच व्हतीस." आणि पुढे म्हणाल्या, "मी बाहेरच बसलेली गं. आये व्हती संगती. एक हाक मारायची नं."

पस्तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते. आता ते तिच्या तोंडून ऐकलं.

"नंतर काही त्रास झाला का हो?" मी कसंबसं विचारलं.

"झाला ना. लग्नाला दोन वरसा झाली तवा पोट दुखाय लागला. डावीकरं. डाक्टर बोलला, अपेंडिस नाय, तो उजवीकरं आसतो. ही फिल्म बगली, बोलला, सगला जागेवर हाय. गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मोठा डाक्टर आला. त्यानं नळी लावली छातीला." काकींनी हात आधी डावीकडे आणि मग सावकाश उजवीकडे नेऊन दाखवला. "नळी उचलली नि माज्याकरं बगाय लागला. मंग फिल्म बगितली. बोलला, ही फिल्म खोटा बोलतेय. दुसरी काढली, लगेच कापला." साडीवरून त्यांनी डाव्या बाजूला थोपटलं. "हितं. बरा झाला. मंग दोन पोरा झाली, आता नातवंडा हायत."

"म्हणजे एक दिवस..."

"एक दीस जास्त कळ काढली. ती काढली मी, खोटा नाय बोलनार."

एक दिवस! किती वर्षं मी मनात तिचं काय काय करून ठेवलं होतं. किती वेळा तिला मारलं होतं. आणि ही समोर बसून माझ्या बशीत दुसरं बिस्किट ठेवत होती. माझा जीव भांड्यात पडला. तो एक दिवस माझ्या नावावर आहे आणि राहील, तो मी कुणावर ढकलणार नाही. पण एक दिवस माणसाला पेलतो. मी चहा प्यायले, आणि खरंच सांगते, इतका गोड चहा एरवी मला पिववला नसता.

निघताना मी काकींना विचारलं, "ही फिल्म मला द्याल? वर्गात दाखवीन. माझ्या नावासकट."

त्यांनी ती चटकन पिशवीत घातली. "ही नाय देनार. हवी तर ती दुसरी, चांगली ने. हिचा मना काम आसतं."

"हिचं काय काम?"

"नवा डाक्टर आला की मी आदी हीच देतं. तो बगतो, बोलतो, काकी, कालीज मस्त, डावीकरं जागेवर. मंग मी गप बसतं. नळी लावतो का बगतं. लावली नि तोंड बदलला, तर त्याची गोळी घेतं. नाय लावली, तर गोळी उकिरड्यावर."

ऋतुजा खळखळून हसली. किती दिवसांनी हसताना पाहिलं तिला. "आतापर्यंत किती पास झाले, काकी?"

काकींनी बोटं मोजली. "तीन."

"आणि मी?"

"तू नापास. तू बोल्लीस, फिल्म माजी नाय."

मलाही राहवेना. मी विचारलं, "आणि मी?"

काकींनी पिशवीला गाठ मारली आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"तुला कोन मार्क देनार गं? पेपर तर तूच काढलास."